नकाशावरचा राजमा

कॅनडातल्या आमच्या किचनर गावच्या घरी बेसमेंटमध्ये टेबल टेनिसचं टेबल आहे. पण दोन हजार अठराच्या त्या जुलैत त्यावर खेळायची कोणाची टाप नव्हती. त्यावर दक्षिण सीरियाचा हा भलामोठा नकाशा पसरलेला! तूरडाळ म्हणजे सरकारी फौज, मूग म्हणजे बंडखोर. आणि राजम्याचा एकच दाणा, तो म्हणजे नबीलची आई.

नबील सीरियाचा निर्वासित. त्याला दोन वर्षांपूर्वी आम्ही पाच मराठी घरांनी मिळून स्पॉन्सर करून इकडे आणलं होतं. बेकरीत काम करतो, मला काकू म्हणतो, थालीपीठ मागून मागून खातो. आई मात्र तिकडे दरआ शहराजवळच्या गावीच राहिली. फौजेने तिकडे मोहीम उघडली आणि तिचा फोन बंद झाला. बाई जिवंत आहे की नाही, एवढंच कळायला हवं होतं, आणि नेमकं तेच कळत नव्हतं.

रोज सकाळी बातम्या वाचून आमचे हे, रविकांत, डाळ पुढे सरकवायचे. जन्मभर रस्त्यांचा सर्व्हे केलेला माणूस! मूग कमी कमी होत गेले, तूर गावाला येऊन भिडली. हे वर गेले की मी हळूच राजमा उचलून जॉर्डनच्या सीमेवर ठेवायचे. गेली असेल बाई चालत. का नाही जाणार?

"छाया, राजमा कोणी हलवला?"

"मांजराने."

"आपल्याकडे मांजर नाही. माहितीशिवाय काही हलवायचं नाही." की राजमा परत गावात! दगड आहे हो हा माणूस, नुसता दगड.

आठव्या दिवशी माझ्यादेखत त्यांनी तो पुन्हा गावात ठेवला, तेव्हा मात्र आमचं कडाक्याचं भांडण झालं. "बसा तुमची डाळ निवडत," मी म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी खाली पाऊलसुद्धा टाकलं नाही.

दुपारी दार धडाधड वाजलं. नबील! केसांत पीठ, अंगावर ॲप्रन तसाच.

"काकू! आईचा व्हॉइस मेसेज!"

आम्ही धावतच खाली गेलो. हे नकाशापाशीच बसले होते. नबीलने फोन टेबलावर ठेवला आणि त्या बाईचा खणखणीत आवाज बेसमेंटभर घुमला. मला अरबीतलं ओ की ठो कळत नाही, पण पोराला झापतेय हे लगेच कळलं.

"अरे, काय म्हणते? सांग ना!"

नबील रडत होता, हसत होता. "शेजाऱ्यांबरोबर चालत गेली. इतके दिवस सीमेवर, झाडाखाली. फोन चार्ज करायला वीज नव्हती. म्हणते, एवढं घाबरायला काय झालं!"

"सीमेवर! मी सांगत नव्हते?" मी टाळ्याच पिटल्या. "आता तरी हलवा तो राजमा!"

"पण काकू, तो तिथेच आहे," नबील म्हणाला.

खरंच की! राजमा बरोब्बर सीमेवर होता. मी ह्यांच्याकडे बघितलं. हे मान खाली घालून चष्मा पुसत होते, आणि पुसतच राहिले.

"मांजराने," हे म्हणाले.