मधल्या सीटवरच्या बाई

मित्रांनो, मी एक जुनी काच आहे. खिडकीची नाही, आरशाची नाही, चष्म्याची तर नाहीच. मी मोटारीच्या छपरातली काच आहे. मला सनरूफ म्हणतात. खालून माणसं माझ्यातून आभाळ बघतात आणि वरून कावळे माझ्यातून माणसं बघतात. कावळ्यांचं माणसांविषयी काय मत आहे, ते माझ्या अंगावर वेळोवेळी पडत असतं.

माझा जन्म भट्टीत झाला. आधी मला मऊ होईपर्यंत तापवलं आणि मग एकदम गार वाऱ्याचा मारा केला. अशी वागणूक मिळाली की माणूस चिडका होतो. काच टणक होते. टणक काचेला सहसा तडा जात नाही. पण तिच्या कडेला एखादं टोक नेमकं लागलं, की ती काही न बोलता एकदम फुटते आणि तिच्या हजार गोळ्या होतात. भट्टीवाल्यांनी हे आम्हाला आधी सांगितलं नव्हतं. माझ्या शेजारची फुटली तेव्हा कळलं.

माझी पहिली गाडी भूगोलाच्या एका निवृत्त बाईंची होती. रोज दुपारी त्या पाण्याच्या टाकीमागच्या मैदानात गाडी उभी करायच्या, सीट मागे पाडायच्या आणि चष्मा नाकावर नीट बसवून माझ्याकडे बघत आडव्या व्हायच्या. नोकरी सुटली होती, सवय सुटली नव्हती. बोट वर करून त्या विचारायच्या, "मागच्या बाकावरचे, सांगा, हे कुठले ढग?" मागच्या सीटवर त्यांची छत्री असायची. छत्रीला नऊ वर्षांत एकदाही उत्तर आलं नाही. मग बाईच सांगायच्या, आणि वर छत्रीला विचारायच्या, "डोक्यात शिरलं का काही?"

इतक्या नीट माझ्याकडे कधी कुणी बघितलं नव्हतं. मग एका दुपारी बाईंनी बोट वर केलं, प्रश्न विचारला, आणि उत्तर सांगितलंच नाही. बोट हळूहळू खाली आलं. डोळे माझ्यावरच राहिले. टाकीच्या राखणदाराला वाटलं, झोपल्या असतील. मला वाटलं, आज उत्तर मी द्यायचंय. मी पुष्कळ विचार केला. ते ढग कुठले होते, मला आजही ठाऊक नाही.

पुढे ती गाडी मोडीत निघाली. तिथून मला एका काचवाल्याने उचलून आणलं. सगळे त्याला उस्ताद म्हणत. त्याच्या दुकानात पत्र्याच्या शेडखाली मी भिंतीला टेकून उभी राहिले. उस्तादचे दोन नियम होते, आणि ते त्याने त्याच्या उस्तादकडून घेतले होते. पहिला नियम, वापरलेली काच लगेच बसवायची नाही. अख्खा एक दिवस उन्हात पालथी घालायची. "काचेने आधी जे बघितलेलं असतं ते निथळून जातं," तो म्हणायचा. दुसरा नियम, गाडीतली आधीची काच फुटली असेल तर तिची खाच तीनदा साफ करायची. एकदा यंत्राने ओढून, एकदा ब्रशने आणि एकदा बोटाने.

एके दिवशी दुपारी शेडसमोर एक गाडी आली. तिच्या डोक्यावर न्हाणीघराचा पडदा चिकटपट्टीने लावलेला होता. पडद्यावर पिवळी बदकं होती. गाडीतून उतरलेल्या माणसाचा चेहरा, अकरा दिवस बदकांखाली गाडी चालवलेल्या माणसाचा असतो तसाच होता.

"दवाखान्यासमोर उभी होती," तो सांगू लागला. "बंद. कुणी हात लावला नाही, दगड पडला नाही. आणि फाट्कन फुटली. आत माझी मुलगी बसलेली."

"लागलं का तिला?"

"आतला कापडी पडदा ओढलेला होता म्हणून वाचली. सगळा चुरा त्यावर पडला. उस्ताद, नवी काच यायला तीन महिने लागतील म्हणतात. ही बसेल का?"

'ही' म्हणजे मी. मला मापून झालं. मी बसत होते.

"उद्या संध्याकाळी घेऊन जा," उस्ताद म्हणाला. "हिला एक दिवस पालथी घालावी लागेल."

"का?"

"पद्धत आहे."

"अहो, उद्या सकाळी ताईला डोळ्यांच्या ऑपरेशनला न्यायचंय. चार तासांचा रस्ता. ती बदकं बघून डॉक्टर आधी माझं ऑपरेशन करतील."

उस्तादने उन्हाकडे बघितलं. ऊनही कललं होतं. तीस वर्षांत त्याने नियम मोडला नव्हता, आणि त्या दिवशी मोडायलाच बसला, तर दोन्ही मोडले. खाच यंत्राने ओढली, ब्रश फिरवला, आणि बोट फिरवायचं राहिलं. मला चढवलं, बटण दाबून मागेपुढे केलं. मागच्या उजव्या कोपऱ्यात कर्र असा बारीक आवाज आला.

"नवीन रबर आहे, घासतंच थोडे दिवस," उस्ताद म्हणाला.

रबर नव्हतं ते. माझ्या आधीच्या काचेची एक गोळी तिथे खाचेत अडकून बसली होती. मला ती टोचत होती. पण काचेला तोंड नसतं, मित्रांनो. असतं तर एवढं आत्मवृत्त सांगायची वेळच आली नसती. तेव्हाच दोन शब्दांत भागलं असतं.

दुसऱ्या दिवशी सगळे निघाले. पुढे बाबा आणि आई. मागे डाव्या बाजूला आत्या, म्हणजे बाबांची थोरली बहीण. उजवीकडे सात वर्षांची मुलगी, जिला घरात भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी बसत नसे. मधली सीट रिकामी होती. आणि गाडी सुरू होताच पट्टा न लावल्याची घंटा वाजू लागली.

"पट्टे लावा रे," बाबा म्हणाले.

"लावलेत," मागून दोघी म्हणाल्या.

घंटा थांबेना. आईने वळून बघितलं. समोरचा दिवा मधल्या सीटचा होता. बाबांनी गाडी थांबवली, मधल्या सीटवर हात फिरवला, सीट पुसली, सीटवर दोन चापट्या मारल्या. घंटा चालूच. शेवटी आत्याने कंटाळून रिकाम्या सीटचा पट्टा ओढला आणि अडकवला. घंटा बंद झाली.

"सेन्सर गेला," बाबा म्हणाले.

पुढे गाडी एका पुलाखाली सिग्नलला थांबली. वरचा उजेड गेला की मी आरशासारखी होते. भिंगरीने वर बघितलं. आत्यानेही वर बघितलं. माझ्यात खालची माणसं दिसत होती. बाबांचं टक्कल, आईचा भांग, आत्या, भिंगरी, आणि आत्या-भिंगरीच्या मधोमध दोरीचा चष्मा लावलेल्या, पाठ ताठ केलेल्या भूगोलाच्या बाई.

मित्रांनो, अशा वेळी गाडीत किंचाळणं अपेक्षित असतं. आत्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. तिने डोळे किलकिले केले, मग रिकाम्या सीटकडे वळून म्हणाली, "बाई, जरा सरकून बसता का? पोरीला खिडकीकडे दाबलंय तुम्ही."

आणि भिंगरी म्हणाली, "सरकल्या."

आईने वर बघितलं आणि मग संबंध चार तास पायांकडे बघितलं. बाबा म्हणाले, "काच दोन थरांची असेल. प्रतिबिंब डबल पडतं." डबल पडलं तर आठ दिसायला हवेत, हे भिंगरीने बोटांवर मोजून सांगितलं. तिला गप्प बसायला सांगितलं गेलं.

ऑपरेशन छान झालं. आत्याला सगळं लख्ख दिसू लागलं, आणि बाई जास्तच. "चष्म्याची दोरी निळी आहे," आत्याने आईला कळवलं. "आणि बोट वर केलंय. कुठेतरी दाखवतायत."

"वन्सं, मला सांगू नका हो. मी त्याच गाडीने भाजी आणते."

बाईंचं बोट खरंच वर होतं. मागच्या उजव्या कोपऱ्याकडे, अगदी भिंगरीच्या डोक्यावर. मला कळत होतं त्या काय दाखवतायत. दर वेळी मला उघडलं की ती गोळी माझ्या कडेचं रबर आणखी थोडं कापायची. रबर संपलं की पुढे माझी कड, आणि कडेला टोक लागलं की हजार गोळ्या. त्यात कापडी पडदा आता कायम उघडा असायचा. भिंगरी तो ओढूच देत नसे. "बाईंना मग दिसणार कसं?" म्हणायची.

पण बाईंनी बोट वर केलंय याचा अर्थ आत्याने आपल्या परीने लावला. "भिंगरे, त्या तुला पाढे विचारतायत." भिंगरीने पाढे म्हटले. बोट खाली येईना. तिने पुढचे पाठ केले. महिन्याभरात ती सतराच्या पाढ्यापर्यंत पोचली. शाळेत तिचं कौतुक झालं. बोट तिथेच. कर्र आवाज मात्र वाढला होता. बाबांनी रेडिओ मोठा केला.

बाबा हे सगळं मानतच नव्हते. फक्त गाडी सुरू करताना ते आरशात बघून "पट्टे?" असं विचारायचे आणि तीन माना हलेपर्यंत थांबायचे.

अखेर आईचा धीर सुटला. एक दिवस ती एकटीच गाडीतून आली आणि दारातच बसली. "माझ्याशी बोलल्या नाहीत, काही नाही," ती म्हणाली. "पण मी चुकीच्या बाजूने गाडी वळवली ना, तर च्च केलं त्यांनी. स्पष्ट ऐकू आलं. आजच्या आज ती काच काढा. फोडून टाका म्हणावं."

दुपारी सगळे उस्तादकडे निघाले. मी फुटणार होते, पण मला त्याची धास्ती नव्हती. मला धास्ती होती ती वाटेची.

भिंगरी रडत होती. "बाबा, शेवटचं एकदा छप्पर उघडा ना. मी बाईंना आभाळ दाखवते आणि टाटा करते."

"उघडा हो एकदा," आत्या म्हणाली. "एवढे पाढे शिकवले त्यांनी."

रबर केसभर उरलं होतं. बाबांचा हात बटणाकडे गेला. गाडी नेमकी त्याच पुलाखाली थांबली होती. बटण शोधायला बाबांनी वर बघितलं, आणि त्या दिवशी त्यांनी बाईंना पहिल्यांदा पूर्ण बघितलं. बाईंनी कोपऱ्याकडचं बोट खाली घेतलं होतं. ते आता बाबांवर रोखलेलं होतं. चष्म्याच्या वरून बघत होत्या त्या. ज्या नजरेने छत्रीसुद्धा नीट बसायची, ती नजर.

बाबांनी हात मागे घेतला. मग बेचाळीस वर्षांचा तो माणूस म्हणाला, "सॉरी, बाई."

शेडखाली पोचल्यावर बाबा उस्तादला एवढंच म्हणाले, "मागचा उजवा कोपरा बघा आधी."

उस्तादने शिडी लावली. खाचेत बोट घातलं. जे बोट महिन्यापूर्वी घालायचं राहिलं होतं, तेच. ते बाहेर आलं तेव्हा टोकावर रक्ताचा थेंब होता आणि चिमटीत हरभऱ्याएवढी एक हिरवट गोळी.

"ही माझी चूक," तो म्हणाला. "रबर पार कापलंय. अजून एकदा उघडली असती, तर पोरीच्या डोक्यावर..." पुढचं त्याने खाचेलाच सांगितलं. "तुम्हाला कसं कळलं?"

आत्याने मधल्या सीटकडे बोट केलं. उस्तादने मान हलवली. त्याला आश्चर्य वाटल्यासारखं दिसलं नाही. "पालथी घातली नाही ना मी. आत्ता घालतो. संध्याकाळपर्यंत निथळेल. फोडायची गरज नाही."

"मग बाई कुठे जातील?" भिंगरीने विचारलं.

उस्ताद म्हणाला, "तीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं."

सगळे आईकडे बघू लागले. आई उन्हाकडे बघत होती. उस्तादने मला उतरवून हातात धरलं होतं, आणि शेडच्या बाहेर माझ्या मापाचं कडक ऊन पडलं होतं. मी श्वास रोखून धरला असता, पण मला तोही नसतो.

"खाच तीनदा साफ करा," आई म्हणाली. "नवीन रबर घाला. आणि हिला जशी होती तशीच बसवा."

"पालथी न घालता?"

"माझ्या पोरीवर महिनाभर लक्ष ठेवून होत्या त्या. मी पायांकडे बघत होते. राहू देत." मग म्हणाली, "च्च तेवढं करू नका म्हणावं."

मला पुन्हा बसवलं. या वेळी उस्तादने खाचेत बोट तीनदा फिरवलं, चौथ्यांदाही फिरवलं. मी लोण्यासारखी सरकले. ती गोळी भिंगरीने मागून घेतली आणि मुठीत धरून ती गाडीत बसली. तीन पट्टे लागले. घंटा वाजली नाही.

पुलाखाली सगळ्यांनी वर बघितलं. आता आईनेही. मी मोजलं. बाबा, आई, आत्या, बाई, भिंगरी, आणि बाईंच्या मांडीवर एक दीड वर्षाचं बाळ, तोंडात बोट घालून वर टक लावून बघणारं.

"अगंबाई," आई हळूच म्हणाली. "ते टोपडं मी विणलेलं आहे."

खरंच होतं. माझ्या आधीच्या काचेकडे त्या घरात फक्त भिंगरीनेच नीट बघितलं होतं, बाळपणी, उताणी पडून. आणि त्या काचेने जे बघून ठेवलं, ते एवढ्याशा गोळीतही मावलं होतं. सीटवरची भिंगरी आणि मांडीवरची भिंगरी एकमेकींकडे बघत होत्या. बाबांनी या वेळी प्रतिबिंबाचं काही सांगितलं नाही.

आत्या मधल्या सीटकडे वळली. "बाई, ओझं होत असेल तर इकडे द्या."

मित्रांनो, आता माझं वय झालं आहे. तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे. कुठलीही काच बसवून घ्याल तेव्हा खाच साफ आहे ना, हे बोट फिरवून बघा. बारीक आवाज आला तर रेडिओ मोठा करू नका. आणि गाडीत बसलात की अधूनमधून माझ्याकडे वर बघत जा. नीट, निवांत, भूगोलाच्या बाई बघायच्या तसं. घाई नाही. मागे अजून जागा आहे.