बंद फ्लॅटमधलं कढत पाणी

"आईशप्पत!" म्हणून गुरुदासने नळाखालचा हात झटक्यात मागे घेतला आणि बोटं तोंडात घातली.

पाणी नुसतं गरम नव्हतं, कढत होतं. दिवाळीपासून कुलूप असलेल्या फ्लॅटमध्ये! न्हाणीघराच्या दारात किल्ल्यांचा जुडगा धरून सुगंधा उभी होती. तिच्या मागे फ्लॅटचे कोल्हापूरचे मालक, आणि त्यांच्या मागे त्यांची बायको, देवाचं नाव घेत. आगाऊ फोन न करता ती दोघं आली होती. पंधरा मिनिटांत सामान परत गाडीत गेलं आणि त्यांनी तारकर्लीतल्या एका लॉजवर मुक्काम हलवला.

"सुगंधा, गीझर तू लावलेलस काय गो?" गुरुदासने विचारलं. ऑफिसात एरवी पेपरातल्यासारखं मराठी बोलणारा हा मॅनेजर घाबरला की तडक मालवणीवर यायचा.

"नाय," सुगंधा म्हणाली. तिने जुडगा दोन्ही हातांनी घट्ट धरला होता.

तारकर्लीच्या रस्त्यावरची ही तीन मजली इमारत बाहेरगावच्या लोकांची. मालक वर्षातून दोनदा येणार, बाकीचे दिवस कुलूप. खारी हवा तारा खाते म्हणून बिल्डरने पुण्याहून बिनतारी यंत्रणा आणून बसवली होती. प्रत्येक फ्लॅटमध्ये एक पांढरी डबी. ती खोलीतलं तापमान खाली ऑफिसातल्या कॉम्प्युटरला कळवायची, आणि कॉम्प्युटरवर क्लिक केलं की वरचा एसी नाहीतर गीझर चालू व्हायचा. मालकाची गाडी हायवेवरच्या कसालला पोचली की फोन यायचा, "मॅडम, थंड करून ठेवा हं." मग सुगंधा थंड करून ठेवायची. दहावी पास होती, शिकवलेलं पटकन उचललं. नोकरी लागून फार दिवस झाले नव्हते. फयान वादळ येऊन गेलं आणि तिला नोकरी करणं भाग पडलं.

त्या वादळात तिचा नवरा लवू होडीसकट गेला. गेला असं लोक म्हणत. ती म्हणत नसे. होडीची एक फळी देवबागच्या किनाऱ्याला लागली, लवू कुठेच लागला नाही. भावकीने दर्भाचा पुतळा करून क्रिया उरकायचं ठरवलं, तेव्हा ही दारात आडवी उभी राहिली. सासू यशोदा कोपऱ्यात बसून होती.  तेव्हापासून हळदीकुंकवाला सुगंधाला बोलवायचं की नाही हे वाडीतल्या बायांना ठरवता येईना. कपाळावर कुंकू होतं, पण तिच्याकडे बघताना लोकांची नजर आपोआप खाली जायची. असं अधांतरी जगणं वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये.

लवूची होडी लागायची वेळ झाली की तिने न्हाणीच्या चुलीवर हंडा चढवायचा, ही लग्नापासूनची रीत. रात्रभर दर्यात भिजलेल्या माणसाला आधी कढत पाणी, मग चहा, मग बोलणं. वादळानंतरही ती हंडा तापवत राहिली. शेवटी एका सकाळी यशोदेने चुलीतली लाकडं ओढून काढली. "कोणासाठी गो?" एवढंच विचारलं.  त्या दिवसापासून चूल बंद झाली.

मग ऑफिसात हा गीझर हाताशी आला. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या कोल्हापूरकरांच्या फ्लॅटच्या गॅलरीतून पार किल्ल्यापर्यंतचा दर्या दिसतो. सकाळी आल्या आल्या सुगंधा पहिलं क्लिक तिथे करायची. घरी चुलीचा धूर दिसतो, लोक विचारतात. इथे धूर नाही, तार नाही, कोणाला पत्ता नाही. पुण्याच्या इंजिनिअरने शिकवताना सहज सांगितलं होतं, बंद खोलीत माणूस वावरला की आकडा थोडा चढतो. झालं! ती दिवसभर त्या आकड्यावर डोळा ठेवून बसायची. दुपारनंतर तो चढायचाच, कारण भिंत पश्चिमेची, उन्हात तापणारी. हे तिलाही कळत होतं. तरी आकडा चढला की ती जिन्याकडे कान लावायची.

गुरुदासने पुण्याला फोन केला. यंत्रणेत दोष नाही, सिग्नल कुठूनतरी येत असेल, असं उत्तर मिळालं. कुठूनतरी म्हणजे कुठून, हे पुण्याच्या माणसाने सांगितलं नाही. ते काम गावाने केलं: वर भूत आहे. झाडूवाल्या बाया तिसऱ्या मजल्यावर जाईनाशा झाल्या. सुगंधाने भिऊन दोन दिवस क्लिक केलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी वारा सुटला, आणि तिला राहवलं नाही.

शेवटी गुरुदासने गाऱ्हाणं घालायचं ठरवलं. मालवणी माणूस भुताला भीत नाही असं नाही, पण त्याच्याशी बोलून मिटवता येतं यावर त्याचा भरवसा जास्त. देवळात गाऱ्हाणं घालणारे म्हातारे काशीराम नारळ आणि विडा घेऊन भर सकाळी तिसऱ्या मजल्यावर चढले. धापा टाकत भिंतीवरच्या पांढऱ्या डबीकडे बघून म्हणाले, "तार नाय, कायच नाय, मगे हुकूम कोणाचो ता कोण सांगतलो?" गुरुदास, वॉचमन, झाडूवाल्या बाया सगळे हात जोडून उभे राहिले. सुगंधालाही वर बोलावलं. गाऱ्हाण्याला जमलेल्या प्रत्येकाने होकार द्यायचा असतो, त्याशिवाय ते पोचत नाही.

"बा देवा म्हाराजा, आज ही तुजी लेकरां ह्या जाग्यार उभी आसत."

"होय म्हाराजा!"

"ह्या घरात कोण वाट चुकान इलो असात, कोणाचो जीव घुटमळत असात, तर तेची वाट तेका दाखय."

"होय म्हाराजा!" सुगंधाचे ओठ हलले, आवाज निघाला नाही.

"ह्यो नारळ, ह्यो विडो घेवन तेणा जावचा. परत ह्या उंबऱ्यार पाय ठेवूचो नाय."

"होय म्हाराजा!"

काशीराम थांबले. कान त्यांचे तिखट. एक आवाज कमी होता. त्यांनी डोळे उघडून सुगंधाकडे पाहिलं, मग सगळ्यांनीच पाहिलं.

"म्हण गो," गुरुदास दबक्या आवाजात म्हणाला.

सुगंधा अडली. कबूल केलं तर नोकरी जाणार, आणि घरात ती आणि म्हातारी, मिळवतं तिसरं कोणी नाही. गप्प राहून होय म्हणावं, तर गाऱ्हाणं पोचणार. तिचा त्यावर पुरता विश्वास होता. आपल्याच तोंडाने नवऱ्याला उंबरा बंद करायचा?

"काका, तेंका घालवू नकात," ती म्हणाली. "भूत नाय हय. पाणी मीयां तापयतंय."

"काय?" गुरुदास ओरडला.

"रोज. सकाळी इल्याबरोबर. ते इले तर ऊन पाणी होयां तेंका." आणि ती पदरात तोंड घालून रडायला लागली. त्या दिवसापर्यंत तिला रडताना कोणी पाहिलं नव्हतं.

"मला तोंडावर खोटं सांगितलंस? माणसं पळून गेली इथली! मालकांना मी काय सांगू?"

"गुरुदास, जरा गप रव," काशीराम म्हणाले. नारळ तसाच हातात धरून ते तिच्याजवळ आले. "बाय, घातलेला गाराणा अर्ध्यार सोडूक येणा नाय. माजा मागणा चुकला. आता काय मागूचा, ता तूच सांग."

 गॅलरीचं दार उघडं होतं, लाटांचा आवाज आत येत होता. सुगंधाने दर्याकडे पाहिलं. ये म्हणायचं तिच्या ओठांवर आलं होतं. पण देवापुढे उभं राहून ते मागताना तिला पहिल्यांदाच समजलं, की हे मागणं पुरं होणारं नाही.

"जंय आसतीत थंय," ती म्हणाली, "तेंका थंडी लागां नये. इतक्याच मागा."

काशीरामांनी नारळ पुढे धरून तेच मागितलं. "बा देवा म्हाराजा, लवू तुज्या दर्यात रवलो. जंय आसा थंय तेका थंडी लागां नये."

"होय म्हाराजा," सगळे म्हणाले. राग विसरून गुरुदासही म्हणाला. सगळ्यांचं म्हणून झाल्यावर सुगंधा म्हणाली, एकटी.

खाली आल्यावर गुरुदासने तिच्याकडून किल्ल्या मागून घेतल्या. "आज घरी जा," तो शुद्ध मराठीत म्हणाला, मग अडखळला. "नोकरीचा मालकांक विचारून सांगतंय. माज्या हातात असता तर..." 

ती घरी आली तेव्हा यशोदा विहिरीवर पाणी काढत होती. भर दुपारी सून परत आलेली बघून तिचा हात दोरावरच थांबला.

"आये, माज्यार पाणी वत," सुगंधा म्हणाली आणि धुण्याच्या दगडावर बसली. "तेंच्या नावान."

 यशोदेने कळशी भरून घेतली, पण ओतवेना. "थंड आसा गो. चुलीर ठेवू काय जरा?"

"नको. असांच वत."

यशोदेने कळशी तिच्या डोक्यावर उपडी केली. परत भरली, परत ओतली. सुगंधाचं कुंकू पुरतं वाहून गेल्यावर यशोदेने कळशी सुनेच्या हातात दिली, आपला अंबाडा सोडला, आणि तिच्याशेजारी खाली बसून मान वाकवली.