हवालदार येईपर्यंत

माझ्या नवऱ्याला नाशिकने वाया घालवलं. हे माझं मत नाही, त्याचं आहे. आल्हाद मला बघायला आला तेव्हा चहा निवायच्या आत त्याने मला हे सांगितलं होतं, आणि तेव्हापासून पाहुणे, गॅसवाला, माझ्या बँकेतले साहेब, मुलीच्या सासरची मंडळी, कुणालाच त्याने या माहितीपासून वंचित ठेवलेलं नाही.

झालं होतं असं. अठ्ठ्याऐंशी साली सातपूरच्या एका कारखान्यात नोकरीला लागल्यावर आल्हादने प्रोग्रेसिव्ह रॉकचा बँड काढला. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. साधं गाणं चार-पाच मिनिटांत संपतं, हे संपत नाही. तुम्ही पायाने ताल धरावा तोवर ताल बदलतो, आणि तुमचा पाय हवेतच राहतो. बँडचं नाव ‘सिंहस्थ’. बारा वर्षांतून एकदा वाजवलं असतं तर गावाने डोक्यावर घेतलं असतं, पण हे लोक दर शनिवारी संध्याकाळी वाजवायचे, सातपूरच्या कामगार वसाहतीच्या हॉलमध्ये. गिटारवर आल्हाद, ड्रमवर विंचूरचा धोंडीराम, बाकीचे दोघे-तिघे येऊन-जाऊन.

त्यांची मुख्य रचना होती ‘उगम ते सागर’. ब्रह्मगिरीवर गोदावरी उगम पावते तिथपासून ती समुद्राला मिळेपर्यंतचा सगळा प्रवास, एकही शब्द न गाता. ती रचना कधीच पूर्ण वाजली नाही. वसाहतीतलं कुणीतरी आवाजाची तक्रार करायचं, चौकीतून हवालदार यायचा आणि कार्यक्रम बंद व्हायचा. गोदावरी दर शनिवारी नाशिकपर्यंत यायची आणि तिथेच थांबायची. या छळाला कंटाळून बँड फुटला. ‘शेवटचा भाग लोकांनी ऐकला असता तर...’ हे वाक्य आल्हाद पुढे बोलत नाही, नुसते डोळे मिटतो. मी या मिटलेल्या डोळ्यांशी तेहतीस वर्षं संसार केला. शहराशी त्याच्या वतीने भांडलेसुद्धा. वसाहतीतल्या बायका हळदीकुंकवाला बोलवायच्या, मी जायचे नाही. म्हटलं, यांतल्याच कुणाचीतरी असेल ती तक्रार.

गेल्या वर्षी आल्हाद निवृत्त झाला. कारखान्याने त्याला भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि त्याच आठवड्यात हर्षल आमच्या घरी आला. हर्षल गंगापूर रोडला दातांचा डॉक्टर आहे, आणि जुन्या कॅसेटी गोळा करणं हे त्याचं दुसरं दुखणं. भंगारवाल्याकडून त्याने एक पिशवीभर कॅसेटी आणल्या होत्या. त्यांवर नाव नव्हतं, गाव नव्हतं, पण आत कुणीतरी माइकवरून सांगत होतं, ‘आम्ही सिंहस्थ, सातपूरचे.’ हर्षलने ते सगळं इंटरनेटवर टाकलं. मग सातपुरात विचारत फिरला. तिसऱ्याच माणसाने म्हणे विचारलं, तो नाशिकला शिव्या देणारा का, आणि आमचा पत्ता दिला.

मी स्वतः पाहिलं नसतं तर विश्वास ठेवला नसता, पण जर्मनीत, जपानात, फिनलंडमध्ये माणसं माझ्या नवऱ्याची गिटार ऐकत होती आणि त्यावर निबंध लिहीत होती. निबंधांचे विषय दोन. एक म्हणजे प्रत्येक रेकॉर्डिंगमध्ये शेवटाकडे एकच तुकडा पुन्हा पुन्हा येत राहतो आणि मग संगीत एकदम तुटतं. दुसरं, ते तुटल्यावर क्षणभराने वेदपठण ऐकू येतं. फिनलंडच्या एका गृहस्थांनी लिहिलं होतं की नदी मूक होते आणि मागे फक्त प्रार्थना उरते. आल्हादच्या बँडमध्ये वेद म्हणणारा कुणी नव्हता. धोंडीराम तर शुभंकरोतीसुद्धा अर्धी म्हणायचा. पण आल्हादने तो निबंध दोनदा वाचला आणि म्हणाला, असं काहीसं मनात होतंच.

मग जर्मनीतल्या एका छोट्या कंपनीने या रेकॉर्डिंगची तबकडी काढायचं ठरवलं. अट एकच. रेकॉर्डिंग कुणी, कुठून केलं हे शोधा आणि त्या माणसाची सही आणा. त्याशिवाय ते छापणार नव्हते. नियम पाळणारी माणसं आहेत, तक्रार आली की हवालदार तिथेही येत असणार.

या तबकडीचं आल्हादला काय वाटत होतं ते मी थट्टेत सांगू शकत नाही. निवृत्त माणसाकडे सांगायला काहीतरी झालेलं लागतं. याच्याकडे फक्त न झालेलं होतं. ही एक वस्तू हातात आली असती, कुणाच्याही पुढ्यात ठेवता आली असती. रोज सकाळी तो हर्षलला फोन करायचा आणि माणूस सापडला का विचारायचा. आवाजात जे असायचं ते ऐकून मी स्वयंपाकघरात जायचे.

माणूस कोण असावा, हे आल्हादने आधीच ठरवलं होतं. ती एक अनामिक रसिक होती. हो, होती. कुठल्याशा कोपऱ्यात बसून दर शनिवारी हे सगळं मनापासून टिपून ठेवणारी. मी विचारलं, बाईच कशावरून. तर म्हणाला, रेकॉर्डिंगमध्ये एक हळुवारपणा आहे.

हर्षलने कानांना हेडफोन लावून त्या हळुवारपणाचा माग काढला. एका कॅसेटमध्ये कारखान्याचा भोंगा होता आणि लगेच कुकरच्या शिट्ट्या. म्हणजे रेकॉर्डिंग हॉलमध्ये झालेलं नव्हतं, समोरच्या कुणाच्यातरी घरातून झालेलं होतं. वेदपठणाचा उलगडा त्याहून सोपा निघाला. जुन्या कॅसेटीवर नवं रेकॉर्डिंग केलं की नवं जिथे संपतं तिथून खालचं जुनं ऐकू येतं, एवढंच. खाली होती संथा. गुरुजी एक ओळ म्हणणार, शिष्य दोनदा म्हणणार, तसला पाठ. आणि एका कॅसेटच्या अगदी शेवटी, जिथवर फिनलंडचे गृहस्थ पोचले नसावेत, तोच प्रार्थनेचा आवाज म्हणतो, ‘मयुरेश, अक्षरं गिळू नकोस, घरी जेवायला मिळत नाही का?’

धोंडीरामला भेटायला हर्षल विंचूरला गेला. तो आता कांद्याचा व्यापारी आहे. रेकॉर्डिंग कुणी केलं ते त्याला माहीत नव्हतं. हर्षलने सहज विचारलं की त्या रचनेचा शेवट कसा होता, तर म्हणाला, ‘ते त्यालाच इचारा. मला लय काम हाय.’ आल्हाद म्हणाला, धोंड्या पहिल्यापासून अरसिक.

मयुरेश मात्र पंचवटीत मिळाला. आता तो स्वतः गुरुजी आहे, दोन मोबाइल आणि एक मोठी गाडी बाळगून. हर्षलने त्याला तो तुकडा ऐकवला आणि पन्नाशीचा तो माणूस खुर्चीतून उठून उभाच राहिला म्हणे. आवाज वेणीमाधव गुरुजींचा होता. तेव्हा सातपूरच्या वसाहतीत भावाकडे राहायचे, आता नाशिकरोडला मुलाकडे असतात. मुलाने घर आवरताना कॅसेटी भंगारात दिल्या होत्या.

रसिक बाई नाही हे कळल्यावर आल्हाद अर्धा दिवस हिरमुसला होता. पण संध्याकाळपर्यंत त्याला दशग्रंथी ब्राह्मण जास्त आवडायला लागला. नाशिकचे वेद जाणणारे लोक आपल्याला गुपचूप ऐकत होते, ही कल्पना त्याच्या अंगी इतकी लागली की त्याने नवा झब्बा घेतला, शाल घेतली, श्रीफळ घेतलं, आणि लागलीच तर असावी म्हणून गिटारही गाडीत टाकली.

आम्ही तिघं नाशिकरोडला गेलो. वेणीमाधव गुरुजी पंच्याऐंशीचे, बारीक, ताठ बसलेले. ऐकू स्वच्छ येत होतं. आल्हादने त्यांच्या खांद्यावर शाल घातली, नारळ हातात दिला, आणि उभ्याने भाषण केलं. अंधारात दिवा जपून ठेवणाऱ्या हातांचा त्यात उल्लेख होता. गुरुजींनी सगळं ऐकून घेतलं.

‘तक्रार मी करत होतो,’ ते म्हणाले.

मग त्यांनी शांतपणे सांगितलं ते असं. पहाटे यजमानांना घेऊन गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या घाटावर, जायचं असायचं आणि शनिवारी समोरच्या हॉलमुळे झोप लागायची नाही. चौकीतल्या साहेबांनी पुरावा मागितला, म्हणून संथेच्या कॅसेटींवर तो गोंधळ टिपून नेला. साहेब म्हणाले, आमच्याकडे ऐकायला मशीन नाही. तरी हे दर शनिवारी टिपत राहिले, कारण एकदा सुरू केलं होतं. म्हणजे माझ्या नवऱ्याची सगळी कला जगात शिल्लक राहिली ती पोलिसांत देण्यासाठी. हर्षल सतरंजीकडे बघत बसला.

आल्हाद लाल झाला. ज्याला इतके दिवस शोधत होता तो रसिक नव्हताच, पण ज्याला इतकी वर्षं शिव्या देत होता तो मात्र समोर शाल पांघरून बसला होता. तो सुटलाच. माझं आयुष्य, माझी रचना, हे गाव, ही वृत्ती. मला सगळं पाठ आहे, फक्त या वेळी ‘तुम्ही’ या शब्दावर जोर होता. तुमच्यामुळे ती कधी पूर्ण झाली नाही, असं म्हणून तो खाली बसला.

‘खरं आहे,’ गुरुजी म्हणाले. ‘आमच्यात सुरू केलेला अध्याय अर्धवट सोडून उठत नाहीत. मी तुम्हाला दर वेळी उठवलं, तो दोष माझाच. आवाज नकोसा होता, पण पुढे काय आहे हे ऐकायचं राहून गेलं. अजून कधी पहाटे तेवढंच डोक्यात फिरतं आणि पुढे जात नाही.’ त्यांनी हर्षलच्या हातातला कागद मागून घेतला. ‘सही कुठे म्हणाल तिथे करतो. आधी शेवट ऐकवा.’

हर्षल आनंदाने धावत जाऊन गिटार घेऊन आला. मलाही हुरूप आला होता, हे लपवण्यात अर्थ नाही. तेहतीस वर्षांत मीही शेवट ऐकला नव्हता. विचारलं की आल्हाद म्हणायचा, एकट्या गिटारवर त्याची मजा नाही.

त्याने सुरुवातीपासून वाजवलं. बोटं अडखळत होती, तरी नदी ओळखू येत होती. मग तो तुकडा आला. एकदा आला, पुन्हा आला, पुन्हा. गुरुजी पुढे वाकून ऐकत होते. आल्हाद तो तुकडा फिरवत राहिला आणि मी बघितलं की तो वाजवता वाजवता सारखा दाराकडे बघतो आहे. दारात कुणी नव्हतं. मग त्याने तारांवर हात ठेवला.

‘पुढे नाहीये,’ तो म्हणाला.

मग सगळं त्यालाच सांगावं लागलं. पुढचं त्याला सुचलंच नव्हतं. सुचेल म्हणून रचना लोकांपुढे आणली, आणि पहिल्याच शनिवारी नेमक्या त्या जागी हवालदार आला. मग ते सोयीचं पडलं. दर शनिवारी हवालदार येईपर्यंत हे तेवढंच फिरवत बसायचे, धोंडीराम फाटकावर नजर ठेवायचा आणि खूण करायचा. एका शनिवारी हवालदार आलाच नाही.

‘मी त्र्यंबकला गेलो होतो,’ गुरुजी म्हणाले.

त्या दिवशी हे वाजवत राहिले. लोक एकेक करून उठून गेले. वॉचमन दिवे बंद करायला आला तेव्हा धोंडीरामने काठ्या खाली ठेवल्या आणि न बोलता विंचूरची गाडी धरली. तो परत आला नाही.

म्हणजे माझ्या नवऱ्याला नाशिकने वाया घालवलं नव्हतं. त्याला पुढचं सुचलं नव्हतं, एवढंच. हे एक वाक्य त्याने मला पहिल्याच भेटीत सांगितलं असतं तर मी हळदीकुंकवांना गेले असते, चार मैत्रिणी जोडल्या असत्या, आणि त्याच्याशी लग्नही केलं असतं. मला त्याचा भयंकर राग आला. आणि तो तिथे नव्या झब्ब्यात, तारांवर हात दाबून बसलेला बघून इतकी माया वाटली की रागाला जागा पुरेना.

हर्षलने सावरायचा प्रयत्न केला. परदेशातल्या लोकांना तुटलेला शेवटच आवडतो, त्यात गुरुजींची संथा येते तीही आवडते, तेव्हा आहे तसंच छापू, असं तो म्हणाला. गुरुजींनी पेनाला टोपण लावलं आणि कागद सही न करता त्याला परत दिला. संथा चुकून आलेली आहे, म्हणाले, आणि हे अजून झालेलं नाही. न झालेल्यावर आपण सही करणार नाही.

मग ते आल्हादकडे वळले. ‘बसवा पुढचं. मी थांबतो. फक्त माझं वय लक्षात असू द्या.’

आल्हादने मान हलवली.

‘आणि नाहीच सुचलं तर?’ त्याने विचारलं.

गुरुजींनी शाल अंगाभोवती नीट ओढून घेतली.

‘तक्रार करीन,’ ते म्हणाले.