खांबातली तोफ

मालवणच्या बाजारातली बँकेची जुनी इमारत मुळात बँकेची नव्हेच. ती एका खोबऱ्याच्या व्यापाऱ्याची वखार. हातभर जाड चिऱ्याच्या भिंती, शिंपल्या भाजून केलेल्या चुन्याचा गिलावा, वर मंगलोरी कौलं आणि पुढच्या पडवीत तीन गोल खांब. अख्ख्या माडीचा भार त्यांच्यावर.

एवढ्या खऱ्या इतिहासावर नानाचं पोट कधी भरलं नाही. बँकेतून शिपाई म्हणून निवृत्त झाला, तरी पडवीतलं बाकडं काही त्याने सोडलं नाही. येईल त्याला सांगायचा, मधल्या खांबात पोर्तुगीजांची तोफ उभी आहे! तारवातून उतरवताना इथे रुतली, बैल थकले, शेवटी व्यापारी म्हणाला, ऱ्हवांदे, हिच्याभोवतीच खांब बांधा.

"पावसात कान लाव, अजून खोकता गो ती!"

शिरोड्याहून आलेल्या बायका खरोखरच कान लावून बघायच्या.

२००३ साली नागपूरचे भोयर साहेब मॅनेजर म्हणून आले आणि तोफेने त्यांना पार वेड लावलं. इमारतीची शंभरी, तेव्हा खांब फोडून तोफ काचेआड ठेवायची, असा त्यांनी घाट घातला. वरच्या ऑफिसात कळवलं, वर्तमानपत्रवाले बोलावले. नाना त्यांचा चहा पीत "होय हो साहेब" करत राहिला. सरकारी काम, विरून जाईल, हा त्याचा हिशेब.

विरलं नाही. त्या सकाळी बाबू गवंडी घण घेऊन उभा, भोवती सगळा बाजार.

"पयला देवाक गाऱ्हाणा होवंदे," बाबू म्हणाला. "नानानू, तुमीच घाला. तोफ तुमची!"

लोक हसले. नानाच्या हातात नारळ आला. डोक्यावर टॉवेल घेऊन त्याने वर माडीकडे पाहिलं, मग तिच्याखाली उभ्या बाबूच्या टकलाकडे. माणसांना त्याने आजवर हवं तेवढं फसवलं होतं. पण देवाला खोटं सांगायची वेळ कधी आली नव्हती.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज ही तुझी लेकरां हय जमली आसत..."

"व्हय म्हाराजा!"

नानाने नारळ दोन्ही हातांत वर धरला. "ह्या खांबात तोफ नाय रे म्हाराजा. ती ह्या नानान तोंडान घडवल्यान. त्याका पदरात घे, आणि खांब वाचव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळा बाजार सवयीने गरजला. आणि मग सगळ्या माना नानाकडे वळल्या.

"आवशीक खाव!" मागून कोणीतरी शिवी हासडली. नानाची बायको विमला माशांची पिशवी घेऊन तिथेच उभी होती. "ह्या ऐकूचा तेवढा उरला होता," म्हणाली, आणि पदर तोंडावर ओढून चालू लागली.

भोयर साहेबांना मालवणी कळत नव्हती. सगळ्यांबरोबर त्यांनीही भक्तिभावाने "व्हय म्हाराजा" म्हटलं होतं. "चला, फोडा!"

बाबूने घण खाली ठेवला. "साहेब, नानांक इचारा."

आता नानाला तेच ऑफिसच्या मराठीत सांगणं आलं. "साहेब, तोफ नाही. कधीच नव्हती. मी... मीच ती सांगत होतो."

साहेब ओरडले असते तर बरं झालं असतं. ते हळूच म्हणाले, "वरचे साहेब पहाटेच कुडाळ स्टेशनला उतरलेत, नाना. तोफ बघायलाच येताहेत."

नारळ फोडावाच लागला. नाना खोबऱ्याचे तुकडे वाटत फिरला. प्रसादाला नाही कोण म्हणणार? प्रत्येकाने हात पुढे केला, मान मात्र कोणी वर केली नाही. भोयर साहेबांनी तुकडा कपाळाला लावला.

"थांबा इथंच. त्यांना तुम्हीच सांगा."

बाजाराच्या वळणावर गाडीचा हॉर्न वाजला. नाना डोक्यावरचा टॉवेल काढून घडी घालू लागला. घडी काही जमेना.