पट्टीत न मावलेलं नाव

मला टापटीप फार आवडते, आणि त्यात कुणी नाक खुपसलेलं खपत नाही. माझ्या तिसरीच्या वर्गात दप्तरं अडकवायच्या एकतीस खुंट्या आहेत. प्रत्येक खुंटीवर नावाची पट्टी, सगळ्या चार बोटं लांब, एका मापाच्या. त्या मी स्वतः कापते.

नवीन मुलगी आली तेव्हा तिचं नाव पट्टीत मावेना. नाव दुहेरी होतं. पहिलं अर्धं आईच्या आईने ठेवलेलं, तिच्या भाषेतलं. दुसरं अर्धं वडिलांच्या आईने, त्यांच्या भाषेतलं. मी पहिलं अर्धं लिहिलं आणि मोकळी झाले.

पुढच्याच आठवड्यात गोष्टीचा तास होता. गोष्टही नेमकी अशी, की एका मुलीचं लांबलचक नाव शाळेत कुणाला घेता येत नाही, म्हणून बाई तिला सोपं नाव देतात आणि मुलगी हळूहळू बोलणंच बंद करते. मी अगदी रंगून वाचली, सगळ्यांचे आवाज काढून. मग फळ्यावर प्रश्न लिहिला: 'गोष्टीतल्या बाईंचं काय चुकलं?'

नवीन मुलीच्या वहीत एकच ओळ होती. 'त्यांनी पट्टी लहान कापली.'

गोष्टीत पट्टी कुठेच नव्हती. मी तिला टेबलाशी बोलावलं.

"हे कुठल्या पानावर आहे गं?"

"पानावर नाही बाई, खुंटीवर आहे," ती म्हणाली. "शुक्रवारी पालकसभेला माझ्या दोन्ही आज्या येणारेत. एकीला वाटेल, मीच तिचं नाव टाकून दिलं."

मला राग आला. आठ वर्षांची पोर मला शिकवणार? "बघू," म्हणाले. बाईंच्या 'बघू'चा अर्थ पोरांना पक्का ठाऊक असतो.

शुक्रवारी सकाळी वर्गात आले, तर तीस पट्ट्या मधोमध दुमडलेल्या. एकतिसावी तेवढी जशीच्या तशी, तिच्यावरचं नाव आधीच अर्धं होतं. टेबलावरच्या माझ्या नावाच्या पाटीवरही अर्ध्यात कागद चिकटवलेला. सगळी कार्टी हाताची घडी घालून साळसूदपणे बसलेली.

"कुणी केलं हे?"

"सारखं केलं, बाई," मागच्या बाकावरून गंभीर आवाज आला. "तुम्हाला एका मापाचं आवडतं ना."

हसू लपवायला मला खिडकीकडे तोंड करावं लागलं. पण खरं सांगते, त्याआधी माझी ती अर्धी पाटी बघून लाज वाटली होती. मी आठ बोटं लांब पट्टी कापली आणि नवीन मुलीच्या हातात दिली. "घे, तूच लिही."

लिहून तिने ती लावली. पट्टी शेजारच्या खुंटीवर घुसली, तर शेजारणीने कुरकुर न करता आपली सरकवली.

दुपारी दोन्ही आज्या आल्या. खुंटीसमोर उभं राहून त्यांनी चष्मे पुसले, आपापलं अर्धं वाचलं. मी कौतुकाची वाट बघत होते.

"विहीणबाईंनी ठेवलेलं आधी का?" वडिलांची आई म्हणाली.

"मी आधी ठेवलं म्हणून," आईची आई म्हणाली.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. नातीने मात्र शांतपणे पट्टी काढली आणि उलटी करून लावली. मागच्या बाजूला तेच नाव होतं, दुसरं अर्धं आधी.

"दर सोमवारी फिरवायची," तिने आज्यांना सांगितलं. मग माझ्याकडे वळली. "लक्षात ठेवाल ना, बाई?"

मी 'बघू' म्हणाले नाही. 'हो' म्हणाले.