बर्फखान्याचा पत्रा

पैज लागली ती बून हेंगच्या कॉफीच्या दुकानात, सकाळी सातला, आणि विषय होता संडास. सकाळी सातला दुसरा कुठला विषय असणार म्हणा.

बून हेंग म्हणाला, आमची खासदार साल्बिया या अधिवेशनात मासळीबाजारातल्या बायकांच्या संडासाबद्दल बोलणार. मी म्हटलं, छे. उभी राहील, घाम पुसेल, सभापतींचे आभार मानेल आणि बसेल. मग ठरलं: हरणाऱ्यानं रविवारच्या बाजारात बायकोचा सारोंग कमरेला गुंडाळायचा, मासळीच्या आतड्यांची पाटी डोक्यावर घ्यायची आणि कापायच्या टेबलांपासून थेट धक्क्यापर्यंत चालायचं. बून हेंगचं पोट बघता त्याला दोन सारोंग जोडावे लागतील, यावर अर्धा तास हसाहशी झाली. मी तर त्याच्या बायकोकडून मापसुद्धा मागवलं.

मी डेरिस. कुआला तेंगारच्या बर्फखान्यात बर्फ फोडतो, तीस वर्षं झाली. गावाची टिंगल करतो, ती त्याच्याही आधीपासून. मशिदीबाहेरच्या सगळ्या डाव्या चपला एका गल्लीत आणि उजव्या दुसऱ्या गल्लीत, तो मीच. पोलीस चौकीच्या पाटीमागे सुकट बांधली आणि आठवडाभर गावची मांजरं तक्रार नोंदवायला आल्यासारखी चौकीसमोर बसून होती, तोही मीच.

पण ही पैज मी उगाच लावली नव्हती. साल्बिया बोलत नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. तिला गप्प मीच केली होती.

आमच्या बाजारात बावीस बायका मासळी साफ करतात. पहाटे होड्या लागतात, तिथून दुपारपर्यंत हात आतड्यांत. पुरुषांचं काय, धक्क्याच्या टोकाला जायचं आणि समुद्राकडे तोंड करायचं. बायका जायच्या आमच्या बर्फखान्याच्या मागे, चिखलात. तेही ओहोटी असली तर. भरतीचं पाणी मागच्या भिंतीला लागलं की कित्येक तास काही नाही. म्हणून बायका सकाळपासून पाणीच पीत नाहीत. साल्बियाची आई माक जेनाब चाळीस वर्षं तशी कोरडी राहिली. आता तिची मूत्रपिंडं गेलीत आणि आठवड्यातून तीनदा तालुक्याला जाऊन रक्त धुऊन घेते.

साल्बिया चौदाची होती तेव्हा आईशेजारी उभी राहून बांगडे साफ करायची. एक दिवस ती बर्फखान्यामागे गेली आणि मी आतून भिंतीच्या पत्र्यावर फावडं हाणलं. पोरगी अर्धा सारोंग हातात धरून चिखलातनं पळाली, तोंडावर पडली, तशीच बाजारात आली. सगळा बाजार हसला. मी बर्फाच्या लाद्यांवर लोळलो. तेव्हापासून तिचं नाव पडलं पत्रा. ती त्या दिवशी एक शब्द बोलली नाही, आणि नंतर कधी माझ्याशी बोलली नाही. बायका मात्र जोडीनं जायला लागल्या. एक बसायची, दुसरी सारोंग पसरून आडोसा धरायची.

पुढे ती शिकली. मच्छीमार संघाच्या कचेरीत कारकून झाली, लोकांच्या परवान्याचे अर्ज भरता भरता खाडीकाठच्या प्रत्येक घरात ओळखीची झाली. निवडणुकीत दोन बडे पुढारी एकमेकांचे पाय ओढत बसले आणि ही मधून खासदार झाली. लोक तिला आता वायबी म्हणतात, म्हणजे माननीय. तोंडावर मीही म्हणतो.

यातला खरा घाणेरडा भाग पुढेच आहे. संडास बांधलेला आहे. दोन वर्षं झाली. पाहुणा आला, फीत कापली, फोटो काढले, आणि त्याच संध्याकाळी दाराला कुलूप लागलं. खिडकीतनं डोकावलं तर भांड्यांवर प्लास्टिक तसंच, आणि भोवती सरकारी कार्यक्रमाच्या खुर्च्या छतापर्यंत रचलेल्या. उंदरांनी त्यात पिढ्या वाढवल्या. साल्बियानं लेखी प्रश्न विचारला, तर मंत्रालयाचं उत्तर आलं: काम पूर्ण, वापर समाधानकारक. उंदरांना विचारून लिहिलं असेल.

संसदेत त्याच खात्याच्या खर्चावर चर्चा होती त्या दिवशी बून हेंगनं टीव्ही लावला. दुकान भरलं होतं. माझी बायको सेनाह आणि मासळी कापायच्या टेबलावरच्या चार-पाच जणी दारात उभ्या होत्या, हात अजून ओले.

नव्या सदस्याला दहा मिनिटं मिळतात. आणि सभागृहाची रीत अशी की कुणी बोलत असताना दुसरा उठून ‘वाट द्या’ म्हणू शकतो. द्यायची की नाही ते बोलणाऱ्याच्या हातात. दिलीत तर तो बोलतो आणि मिनिटं तुमची जातात. जुने बोके नव्यांना असेच खातात. साल्बिया उभी राहिली, बाजाराचं नाव घेतलं, आणि तिघे उठले. तिघांनाही तिनं नाही म्हटलं. आवाज कापत होता. मी बून हेंगला खूण केली, सारोंग धुऊन ठेव.

मग चौथा उठला. पाच वेळा निवडून आलेला. नाव घेऊन मी तोंड विटाळत नाही. त्याला तिनं वाट दिली.

“सन्माननीय सदस्या बाजारातून आल्यात हे आम्हाला वासावरूनच कळलं होतं,” तो म्हणाला. “आता संडासही इथंच आणणार का? आमच्या आया झाडाआड जायच्या. त्या काय मेल्या?”

बाकं वाजली. बोलताना त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात पांढरा फेस जमला होता आणि तो त्यानं रेशमी रुमालानं टिपला. मी हसलो. सवयच आहे, कुणी कुणाला हाणलं की आधी मी हसतो. मग ध्यानात आलं, दुकानात मी एकटाच हसतोय. बाकीचं हसू टीव्हीतनं येत होतं, आणि ते हुबेहूब माझं होतं.

साल्बियाचा आवाज आता कापत नव्हता. ती म्हणाली, “सभापती महोदय, वाट मी मुद्दाम दिली. हे वाक्य सदस्यांच्या नावासकट वृत्तांतात छापलं जावं.”

तेव्हा बोक्याला कळलं. तो घाईनं उठला, शब्द मागे घ्यायचे होते त्याला. वाट द्या, वाट द्या.

“आता देणार नाही,” ती म्हणाली.

मग तिनं भरती-ओहोटी सांगितली, आईचं सांगितलं, आणि पत्र्याचं सांगितलं. मी खुर्चीत आक्रसलो.

“त्या माणसाचं नाव मी घेत नाही. तो अजून तिथंच बर्फ फोडतो. त्याला वाटतं मी लाजून गप्प बसले. दुसऱ्या दिवशीही आम्हाला तिथंच जायचं होतं, म्हणून मी गप्प बसले.” मग ती मंत्र्याकडे वळली. “माझा प्रश्न एकच आहे. संडासाची चावी कुणाकडे—”

वेळ संपली, माइक बंद झाला. पण प्रश्न सगळ्यांना ऐकू गेला होता. मंत्र्याच्या मागे चिठ्ठ्या धावायला लागल्या.

दुकानात सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, वाक्य पुरं झालं नाही, पैज बरोबरीत. बून हेंगनं माझा अर्धा भरलेला ग्लास उचलला, तिथलं टेबल पुसलं आणि म्हणाला, “रविवारी, डेरिस. तुला एकच पुरेल.”

चावी गुरुवारी आली. एका साहेबाच्या ड्रायव्हरकडे दोन वर्षं किल्ल्यांच्या जुडग्यात लटकत होती.

रविवारी सकाळी सेनाहनं सारोंग काढून दिला. विटलेला, काठाला वाळका चिखल, ओल्याचा वास. हा कुठला, मी विचारलं.

“आडोशाचा. पाळीपाळीनं धरायचो.”

“तू पण?”

“मी पण त्याच बाजारात असते. नवरा बर्फखान्यात आहे म्हणून मला काय वेगळी भरती येते?”

तो गुंडाळून मी बाजारात गेलो. पाटी वेताची होती, तीतून गळत होतं. आधी कपाळावर, मग भुवयांत, मग नाकाच्या शेंड्यावर थेंब धरून बसायचा. रात्रीची आतडी, वर कोलंबीची डोकी, आणि माश्या तर आख्खं गाव घेऊन आल्या होत्या. वाटेत संडास लागला. दार सताड उघडं. बाहेर काढलेल्या सरकारी खुर्च्यांतल्या एकीवर माक जेनाब बसली होती, हाताला सुई टोचल्याची पट्टी. बायका रांगेत होत्या आणि रांगेत उभ्या राहून पाणी पीत होत्या. सकाळी साडेसातला पाणी पिताना मी त्यांना पहिल्यांदाच बघत होतो.

मी मान खाली घालून समोरून गेलो. चार पावलं पुढे गेलो असेन, मागे धडाम् झालं.

माक जेनाबच्या मांडीवर पत्र्याचा तुकडा होता आणि हातात मासळीचा सुरा, पात्याची सपाट बाजू खाली. मी जागच्या जागी उडालो, पाटी कलंडली, आणि सगळं माझ्या गळ्यातनं आत, सारोंगापर्यंत उतरलं. बाजार हसला. बावीसच्या बावीस जणी, सेनाहसकट. मलाही हसायचं होतं, पण तोंड उघडलं असतं तर आतडी आत गेली असती.

“धक्का अजून लांब आहे,” बून हेंग म्हणाला. “भर पाटी.”

मी खाली बसलो आणि हातानं भरायला लागलो.