दोन काठांचा खेळ

बेबाबाईला कुणी "तुला जमायचं नाही" म्हटलं की संपलं. मग ती गोष्ट तिला करायचीच असते, आधी मनात नसली तरी. धुळ्याला आग्रा रोडवर रतिलालभाऊंच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये ती शिकवायची. पोरंपोरी तिला अक्का म्हणायची आणि टरकून असायची. ब्याण्णव साली भाऊंनी एक कॉम्प्युटर घेतला आणि तो शिकवायला पुण्याहून कोर्स करून आलेला रुपचंद ठेवला.

एकदा रुपचंदनं तिला गाड्या पळवायचा गेम दाखवला. बेबाबाई बघतच राहिली.

"हा कुणी केला रे?"

"अमेरिकेत करतात, अक्का."

"माणसंच करतात ना? का तिथं देव उतरतात?"

रुपचंद हसला. "प्रोग्रामिंग लागतं त्याला. ते टायपिंग नव्हे. तुम्हाला नाही जमायचं."

झालं! बाई तडक भाऊंच्या टेबलापुढं उभी, असा खेळ मीही करणार म्हणून. भाऊ माणूस वाईट नाही, पण पक्का व्यवहारी. म्हणाले, "दुपारी मशीन रिकामं असतं तेव्हा बस. पण आखाजीच्या सणापर्यंतच. आखाजीला तुझा खेळ चालला पाहिजे, नाहीतर पुन्हा मशीनला हात लावायचा नाही. शिकणारी पोरं ताटकळत बसतात माझी."

रुपचंदनं तिला बेसिक नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेचं पुस्तक दिलं. बेबाबाईनं पहिला प्रोग्राम असा टाइप केला की शेजारच्या पोरांनी हात थांबवून बघावं. एक अक्षर खाली पडलं नाही. आणि मशीन म्हणालं, चूक आहे. पुन्हा टाइप केला, पुन्हा चूक. कितीतरी दुपारी अशाच गेल्या. पुस्तकाशी ओळ न् ओळ ताडून बघितली, तर ओळ बरोबर आणि मशीन म्हणे चूक! मेल्या मशीनचंच डोकं फिरलंय म्हणून तिनं त्याला दोन शिव्याही हासडल्या.

शेवटी रुपचंद मागून वाकला आणि खो खो हसत सुटला. "अक्का, हा एक नाहीये. हा एल आहे!"

आता सांगा, तिचा काय दोष? जुन्या टाइपरायटरवर एकाचं बटणच नसतं. एक हवा असला की छोटा एल मारायचा, शून्याला मोठा ओ. कागदावर सारखंच दिसतं. उभा जन्म बोटं तशीच पळाली होती तिची. पण पोरं फिदीफिदी हसली, आणि ज्यांच्या चुकांना ती लाल पेन्सिलीनं गोल करायची तीच हसली, हे तिला फार झोंबलं. घरी जाऊन ती भाकरी न खाता पडून राहिली. नकोच ते मशीन, असं तिला अगदी मनापासून वाटलं.

सकाळी उठली आणि आरशातल्या बाईला म्हणाली, "हसले ना? हसू दे. दात दिसले त्यांचे, आपलं काय गेलं?" दुपारी पुन्हा मशीनपुढं.

त्यानंतर तिनं एक धरलं. अख्खा गेम डोक्यात घ्यायचाच नाही. आज नुसती बाई उभी करायची. उद्या तिच्या डोक्यावर घागर ठेवायची. परवा दगड हलवायचा. हलला नाही तर तेरवा पुन्हा तोच दगड. ज्या दिवशी काहीच जमायचं नाही त्या दिवशी ती रुपचंदचं "नाही जमायचं" आठवायची, आणि चुलीत काटकी सारावी तसा राग पुन्हा पेटायचा.

बाई, घागर आणि दगड कुठून आले म्हणाल, तर आखाजीतून, म्हणजे खानदेशातल्या अक्षय्य तृतीयेतून. तिच्या गावी आखाजीला माहेरवाशिणी पांझरा नदीवर जमायच्या, या काठाच्या या काठाला, त्या काठाच्या त्या. मग एकमेकींना शिव्या, खडे, नुसता दंगा! सासरी वर्षभर तोंड शिवून राहिलेल्या बायका त्या दिवशी पोटभर बोलून घेत. गाड्या पळवायची हौस बेबाबाईला नव्हतीच. तिनं नदी केली. इंग्रजी अक्षरं जुळवून दोन काठांना दोन बाया उभ्या केल्या. एकीचं बटण की-बोर्डच्या या टोकाला, दुसरीचं त्या टोकाला. दाबलं की खडा सुटायचा आणि इंग्रजी अक्षरांत अहिराणी शिवी उमटायची. नेम लागला की घागर फुटायची, आणि लगेच दुसरी यायची.

आखाजीच्या आदल्या दिवशी खेळ चालला. रुपचंदनं खेळून बघितला आणि तो खरंच चकित झाला. पण म्हणाला, "अक्का, कोण जिंकलं?"

"कुणीच नाही."

"मग संपतो कधी?"

"नाही संपत."

"मग हा गेमच नाही! दहा घागरी फोडल्या की जिंकलं, असं टाका. मी टाकून देतो. भाऊंना असं दाखवलंत तर उद्या तुमचं मशीन गेलंच म्हणून समजा."

पोरगं तिच्या भल्याचंच बोलत होतं. तिनं दहा घागरींची ओळ टाकली आणि खेळून बघितली. दहावी घागर फुटली, मशीन म्हणालं जिंकलं, आणि सगळं थांबलं. दोन्ही काठांच्या बाया गप्प झाल्या. ते बघून तिच्या अंगाचा तिळपापड झाला. "वर्षातून एकदा बोलतात त्या, आणि त्यांना गप्प करू? गेलं मशीन तर गेलं!" तिनं ती ओळ पुसून टाकली.

आखाजीला दुपारी भाऊ पत्त्यांचा डाव सोडून आले, त्यामुळं आधीच वैतागलेले. सोबत त्यांची बहीण सुनंदाबाई, जळगावहून माहेरी आलेली, आणि बायको पुष्पाबाई. पुष्पाबाईचं माहेर एरंडोल. पण नणंद येणार, पुरण कोण घालणार, म्हणून आखाजी असून तिला तिकडं जायला मिळालं नव्हतं. ती भिंतीला टेकून मुकाट उभी होती.

"बसा दोघी," बेबाबाई म्हणाली. "आपापलं बटण दाबायचं, एवढंच."

सुनंदाबाईनं पहिला खडा टाकला. वहिनीची घागर फुटली. पुष्पाबाईनं पदर खोचला आणि बटण असं हाणलं की रुपचंद कळवळला. पडद्यावर शिवी उमटली. तिनं ती मोठ्यानं वाचली, मग पदरची एक जोडली, "तुना भाऊ रातभर घोरस!"

"तुनी भाकर करपेल!" नणंद ओरडली.

"तुले आयती भेटस ना, खाय मंग!"

घागरींवर घागरी फुटत होत्या. भाऊ दोनदा खाकरले. "बरं, पण जिंकलं कोण?" कुणी वळूनसुद्धा पाहिलं नाही. "अहो, संपणार कधी हे?"

तेवढ्यात लाइट गेली. पडदा काळा. पंखा घरघरत थांबला.

"संपलं," भाऊ म्हणाले.

पण पुष्पाबाई खुर्ची फिरवून नणंदेसमोर बसली होती. "संपनं नही! तुम्ही तुमना पत्ता कुटा जा!" आणि नणंदेकडं बोट करून, "आनि तू वं! दर आखाजीले तू येस. माले कोन धाडस माहेर?"

सुनंदाबाईचं हसू गेलं. ती वहिनीकडं बघत राहिली, मग भावाकडं वळली. "दादा, एरंडोलची गाडी किती वाजता आहे? वहिनीला बसवून ये. रात्रीचं मी बघते."

भाऊ गोंधळले. बहिणीकडं, बायकोकडं, काळ्या पडद्याकडं पाहत राहिले. पुष्पाबाई डोळे पुसत उठली. दारात थांबून बेबाबाईला म्हणाली, "अक्का, मी परत येस तवलोंग हाऊ खेळ मोडू नको."

"मोडायला मशीन तर हवं हाताशी," बेबाबाई भाऊंकडं रोखून बघत म्हणाली.

"बस ना बाई, बस!" भाऊ म्हणाले आणि बायकोची पिशवी उचलून निघाले.

लाइट आली. रुपचंदनं खुर्ची पुढं सरकवली. "अक्का, त्या खड्याला आवाज टाकायचा का? अवघड असतं पण ते. तुम्हाला..."

"काय मला?"

"काही नाही," रुपचंद म्हणाला आणि पुस्तक उघडून तिच्यापुढं ठेवलं.